शेजार-वही: ४६ घरांच्या गल्लीतल्या कामाच्या नोंदी

२२ जून २०२५, रविवार

कामाला आज सुरुवात. कारण आधी लिहून ठेवते, नाहीतर दोन महिन्यांनी आपल्यालाच वाटू लागेल की हे सगळं हौसेखातर काढलं.

गेल्या आठवड्यात दोन दिवस वीज नव्हती आणि गल्लीत गुडघाभर पाणी होतं. शेवटच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा न्हाणीघरात पडले आणि एकोणीस तास तिथेच पडून होते. सापडले तेही योगायोगाने. वरच्या घरातला मुलगा बादली घेऊन उतरत होता, त्याला बंद दाराआड फोन वाजून वाजून थांबलेला आणि पुन्हा वाजू लागलेला ऐकू आला. खुब्याचं हाड मोडलंय, पण जिवावरचं निभावलं.

मला खुपतं ते असं, की त्या दोन दिवसांत गल्लीत मदतीची चणचण नव्हती. पोरांनी दुचाक्या उचलून उंचावर नेल्या. तळमजल्यावरच्या दोन कुटुंबांना वरच्यांनी घरात घेतलं. मी स्वतः त्या आजोबांच्या जिन्यावरून दोनदा गेले. गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटात कोणीतरी विचारलंही होतं, "आजोबा ठीक आहेत ना?" त्यावर अकरा जणांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. दार कोणी वाजवलं नाही.

आम्ही पाच जण: मी, हिशेबनीस काका (निवृत्त), परिचारिका ताई, कॉलेजातली मुलगी आणि तो बादलीवाला मुलगा. वही दोनशे पानी. पहिलं पान हे.

२४ जून

मोजणी. चार इमारती, ४६ घरं, १६३ माणसं. एकटी राहणारी ९. पंचाहत्तरीच्या पुढची १२. विजेवर चालणारं वैद्यकीय यंत्र असलेलं घर १. कुलूपबंद ३.

हे आकडे काढायला दोन संध्याकाळी पुरल्या. अकरा वर्षं इथे राहून यातला एकही मला माहीत नव्हता.

२६ जून

अकरा नमस्कार आणि शून्य टकटक, हे डोक्यातून जात नाही, म्हणून वाचायला बसले.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा तिच्या घराजवळच खून झाला. ३८ शेजारी बघत राहिले आणि कोणी हललं नाही, अशी बातमी छापून आली आणि जगभर गेली. त्यावरून जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग रचला. तो १९६८ साली प्रसिद्ध झाला. माणसाला खोलीत एकटं बसवायचं आणि यंत्रावरून दुसऱ्या खोलीतल्या कोणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकवायचा. हे आपण एकट्यानेच ऐकतोय, अशी समजूत असलेल्यांपैकी ८५ टक्के लोक तो आवाज थांबायच्या आत मदतीला उठले. आपल्याखेरीज आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ३१ टक्केच उठले.

बारभाईंची शेती, काय लागणार हाती. आपल्याकडे हे आधीच म्हणून ठेवलंय, त्यांनी फक्त टक्के काढले.

पण त्या ३८ जणांची गोष्ट जशी सांगितली गेली तशी नव्हतीच, हे पुढे उघड झालं. पाहणारे इतके नव्हते. शिवाय सोफिया फॅरर नावाची शेजारीण जिना उतरून धावली आणि रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला धरून बसली. ही बाई त्या मूळ बातमीत नव्हती. २०१९ साली तीन देशांतल्या शहरांतली रस्त्यावरच्या भांडणांची २१९ सीसीटीव्ही चित्रणं तपासली गेली, तेव्हा दहापैकी नऊ वेळा कोणी ना कोणी मध्ये पडलेलं दिसलं. म्हणजे माणसं दगड नसतात. डोळ्यांसमोर घडतंय ते पाहून कोणीतरी पुढे होतं. बंद दारामागे घडतंय त्याला मात्र पाहणारा आधी ठरवून ठेवावा लागतो.

वहीतला पहिला नियम: "सर्वांना विनंती" हे शब्द बाद. हाक नाव घेऊन मारायची.

२९ जून, रविवार

घरोघरी कागद वाटले होते. दोन रकाने. "आम्ही काय देऊ शकतो" आणि "आम्हाला काय लागू शकतं". ४१ परत आले.

पहिल्या रकान्यात ११८ नोंदी. रात्री कधीही गाडी, रक्त, शिडी, मुलांना सांभाळणं, औषधं आणून देणं, संगणक दुरुस्ती. एका घराने लिहिलंय, "काहीही, कधीही."

दुसऱ्या रकान्यात सहा. त्यातल्या दोन थट्टेच्या ("शांतता" आणि "समोरच्यांच्या कुत्र्याला समज").

गुडघे धरून प्रत्येक वळणावर थांबत जिना चढणाऱ्या काकूंना मी रोज पाहते. त्यांनी लिहिलंय: "काही नको. विचारलंत हेच पुष्कळ."

१ जुलै

कागद फसला, हे मान्य करायला दोन दिवस लागले. माझीच कल्पना होती ना.

फसलेली मी पहिली नव्हे, एवढं समाधान. ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने मार्च २०२० मध्ये, कोरोनाची साथ पसरत असताना, घरात अडकलेल्यांसाठी स्वयंसेवक मागवले. अडीच लाख मिळावेत अशी अपेक्षा होती. काही दिवसांतच साडेसात लाख लोकांनी नावं दिली आणि नोंदणी थांबवावी लागली. पुढचे कित्येक आठवडे त्यातले पुष्कळ लोक फोनकडे बघत बसले. काम येईना. अडलेली माणसं नव्हती असं थोडंच? त्यांच्यातली अनेक जण तोवर शेजारपाजाऱ्यांवर भागवत होती, आणि काहींना अनोळखी यंत्रणेकडे "मला लागतंय" हे म्हणवत नव्हतं.

या "म्हणवत नाही"वरही अभ्यास आहे. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हनेसा लेक यांनी २००८ साली दाखवलं की मदत मागणारा माणूस होकाराचा अंदाज फार कमी धरतो, कधी कधी प्रत्यक्षाच्या निम्म्यावर. आपण नकाराच्या भीतीने गप्प बसतो. समोरच्याला नकार देण्याचा किती संकोच होतो, हे आपल्या हिशेबातच येत नाही.

मला वाटतं आपल्या भाषेनेही मागणाऱ्याला फार बोलून घेतलंय. गरजवंताला अक्कल नसते म्हणे! असं ऐकत वाढलेली माणसं कागदावर गरज कशी लिहितील?

६ जुलै, रविवार

काकांच्या घरी बैठक. चार तास. यातला एक तास कामाचा, पण तो फारच कामाचा.

काकांनी सुरुवातच माझ्यापासून केली. "अगं, ज्याला लागतं त्याचं नाव वहीत. वही तुझ्या टेबलावर. तुझ्याकडे येणारा-जाणारा पान उलटून बघणार. कोण लिहील?"

परिचारिका ताई म्हणाली, "आणि लिहिलं तरी आज लिहिलेलं उद्या खरं नसतं. आजोबांनी पडायच्या आदल्या दिवशी काय लिहिलं असतं? 'काही नको' हेच ना?"

मग कॉलेजातली मुलगी, जी तासभर फोनमध्ये होती असं आम्हाला वाटत होतं, म्हणाली, "मागायचा भागच काढून टाकू ना. सगळ्यांना बघायचं. ज्याला नको त्यालासुद्धा."

इथून गाडी रुळावर आली. ठरलं ते असं:

प्रत्येक घर दोन घरांकडे लक्ष ठेवेल, आणि त्या घराकडे दुसरी दोन घरं. लक्ष ठेवायचं म्हणजे वीज, पाणी, वादळ, आग असं काही झालं की अर्ध्या तासात दार वाजवायचं. एरवी आठवड्यातून एकदा चौकशी. गरजू कोण आणि धडधाकट कोण, हा भेद वहीत कुठेच नाही.

मी जोड्या सुचवल्या होत्या, म्हणजे पाचचं आठला आणि आठचं पाचला. काकांनी त्या उडवल्या. जन्मभर खतावण्या लिहिलेला माणूस म्हणाला, "दोघांत व्यवहार आला की जमाखर्च आला. मी दोनदा आलो, तू एकदाच. त्यापेक्षा फेरा ठेव. पाच आठकडे बघेल, आठ बाराकडे, बारा वीसकडे. परतफेड कोणाला करायची तेच कळणार नाही."

दोन पाहणाऱ्यांपैकी एक शेजारच्या दाराचा, दुसरा वेगळ्या इमारतीतला. तळमजल्यात पाणी शिरलं तर शेजारी शेजारी दोघंही एकदमच बुडालेले असतात, म्हणून.

जुने कागद तिथेच फाडले. ११८ नोंदींची यादी मात्र ठेवली. शिड्यांसाठी.

९ जुलै

फेऱ्याचा तक्ता तयार. तीनदा चुकला. सातव्या घराला स्वतःवरच लक्ष ठेवायला लावलं होतं.

१३ जुलै, रविवार

शिकागोतली १९९५ सालच्या जुलैमधली उष्णतेची लाट. एरवीच्या मानाने ७३९ मृत्यू जास्त झाले. मेलेल्यांत एकटे राहणारे म्हातारे फार. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी नंतर एकमेकींना खेटून असलेल्या दोन वस्त्यांची तुलना केली. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटी राहणारी वृद्ध माणसं, ऊन तर तेच. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास दहापट होतं.

उत्तरेकडच्या लोकांची मनं कठोर होती असं ते म्हणत नाहीत. तिथले कारखाने गेले, दुकानं बंद पडली, लोक सोडून गेले, मोकळे भूखंड आणि गुन्हेगारी उरली. म्हातारी माणसं दार लावून आत बसली. दक्षिणेकडे रस्ता गजबजलेला होता. माणसं काही ना काही आणायला खाली उतरत, कोणाच्या तरी नजरेला पडत, गार दुकानात टेकत. एखादा दिसला नाही तर ते जाणवत होतं.

हे वाचून आज संध्याकाळी गल्लीतून मुद्दाम हळू चालले. बसायला एक जागा नाही. होतं ते बाक गाड्या लावायला अडचण होते म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्हीच काढलं. तो ठराव मी मांडला होता, हेही नोंदवते.

२० जुलै, रविवार

फेरा घरोघरी समजावला. ४३ पैकी ४१ घरं तयार.

एका घराने स्वच्छ सांगितलं, "आम्हाला यात घेऊ नका." कारण विचारलं नाही. वहीत त्यांच्यापुढे "नको".

दुसरी अडचण जास्त अवघड. १७ आणि १८ समोरासमोरची दारं, सात वर्षं अबोला. कारण मोरीचं पाणी की पादत्राणांचं कपाट, यावर दोन मतं आहेत. तक्त्यात १७ ने १८ कडे बघायचंय. बदलून देते म्हटलं तर काका म्हणाले, "राहू दे. १७ वालीला शिडी मागायला लाव."

ही शिडीची युक्ती त्यांनी अठराव्या शतकातला अमेरिकी मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याच्याकडून घेतली आहे. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात त्याचा एक विरोधक होता. फ्रँकलिनने त्याची मनधरणी केली नाही. त्याच्याकडचं एक दुर्मीळ पुस्तक थोडे दिवस वाचायला मागितलं, आठवड्याने आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं. पुढे तो विरोधक मरेपर्यंत दोघं मित्र राहिले, असं फ्रँकलिनने स्वतः लिहून ठेवलंय. ज्याने एकदा आपल्यावर उपकार केला, तो पुन्हा करायला जास्त तयार असतो.

त्यावरून आणखी एक निघालं. पहिल्या इमारतीच्या जिन्याखाली काळा फळा लावतोय. प्रत्येक घराने महिन्यातून एकदा तरी त्यावर काहीतरी मागायचं. सक्ती! ज्याने मागितलं नाही त्याच्या घराचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात. देणाऱ्यांना शाबासकी वगैरे काही नाही.

२३ जुलै

फळ्यावर पहिल्या दिवशी: स्क्रू ड्रायव्हर, सहावीचं गणिताचं पुस्तक, दोन तास मांजर बघायला कोणी, मोठं पातेलं.

गुडघेवाल्या काकूंचं अक्षर मला ओळखू येतं. "दुसऱ्या जिन्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवता येईल का." प्रश्नचिन्ह नाही. संध्याकाळपर्यंत खुर्ची आली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, गरोदर वहिनी आणि सामान पोचवायला आलेला मुलगा, तिघांनाही मी तिच्यावर बसलेलं पाहिलं.

२७ जुलै, रविवार

रंगीत तालीम. सकाळी दहाला कॉलेजातल्या मुलीने शिट्टी वाजवली: वीज गेली असं समजा, फोन बंद असं समजा.

अर्ध्या तासाऐवजी ५२ मिनिटं. सहा दारं कोणीच वाजवली नाहीत, कारण पाहणारे दोघंही घराबाहेर. आठ दारं चार-चारदा वाजली. एका बाईंनी वैतागून विचारलं, "अहो, जिवंत आहे, अजून किती जणांना सांगू?"

दुरुस्ती: दारावर खडूची खूण. वाजवलं की खूण करायची, म्हणजे मागून येणाऱ्याला कळेल. पाहणारा गावाला गेला तर किल्ली आणि जबाबदारी दोन्ही सांगून जायचं.

४ ऑगस्ट

आज वाद. बादलीवाल्या मुलाचं म्हणणं, घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हेही पाहणाऱ्यांना माहीत हवं. ताईला हे अति वाटतं. मलाही वाटलं होतं.

मग त्याने १७ जानेवारी १९९५ च्या, जपानमधल्या कोबेच्या भूकंपाबद्दल सांगितलं. पहाटे ५:४६ ला जमीन हादरली, सहा हजारांहून अधिक माणसं गेली. ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी काढलं, बचावपथकं पोचायच्या आत. अवाजी बेटावर होकुदान नावाचं गाव होतं, भूकंपाच्या केंद्राजवळचंच. तिथे घरं पुष्कळ पडली, पण शोध झटपट आटोपला. कोणाच्या घरात कोण कुठे झोपतं हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे नेमकं तिथेच उकरलं.

ताई गप्प झाली. निर्णय: वहीत लिहायचं नाही. पाहणाऱ्या दोघांना तोंडी सांगायचं, सांगावंसं वाटलं तर. काकांच्या शब्दांत, कागदावर गेलं की ती माहिती, शेजाऱ्याच्या डोक्यात असलं की ती ओळख.

११ ऑगस्ट

आजची नोंद लाजेची. जवळच्या वस्तीत आग लागली. माणसं वाचली, सामान गेलं. मी उत्साहात फळ्यावर लिहिलं, "कपडे द्या." रात्रीपर्यंत जिन्याखाली डोक्याइतका ढीग. लग्नातले कोट, एकेकटे मोजे, लहान मुलांचे फाटके स्वेटर. तिथल्या लोकांना विचारलं तेव्हा कळलं, कपडे पहिल्याच दिवशी पुरून उरले होते. त्यांना हवी होती जळालेल्या कागदपत्रांचे अर्ज भरून देणारी माणसं आणि फोन चार्ज करायची सोय.

अमेरिकेत न्यूटाउनमध्ये डिसेंबर २०१२ मध्ये शाळेत गोळीबार झाला. त्या छोट्या गावात जगभरातून ६० हजारांहून अधिक खेळण्यातली अस्वलं येऊन पडली, ती ठेवायला गोदाम लागलं. हे मी वाचलेलं होतं, आणि तरी.

ढीग निवडायला आम्हा तिघींना दोन दिवस लागले. काका मात्र रोज दोन तास तिकडे बसून अर्ज भरून देतायत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

खरंच आलं.

दुपारी ४:४० वीज गेली, पाऊस सकाळपासूनच. ५:०५ शिट्टी. ५:२७ ला ४३ दारांवर खुणा. बावीस मिनिटं.

५:३० घर क्र. ९. ऑक्सिजनचं यंत्र बंद पडलं, सिलिंडर घरात होता, पण तो उघडायची किल्ली सापडेना. घरभर शोध. शेवटी चौथ्या इमारतीतल्या दुचाकी दुरुस्त करणाऱ्या दादाकडचा पाना बसला. ताईने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिल्याइतकाच प्रवाह लावला आणि सिलिंडर किती तास पुरेल ते भिंतीवर लिहिलं. दुसरा सिलिंडर ७:१५ ला आला, पाण्यातून, दोघांच्या खांद्यावर.

६:०० इन्सुलिन घेणारी दोन घरं. वापरात असलेली कुपी काही आठवडे बाहेर, सावलीत चालते. न उघडलेल्या कुप्या बर्फ असलेल्या घरी, थर्मासमध्ये, नाव लिहून.

८:०० पाण्यावरून भांडण. पंप बंद, टाकीत आहे तेवढंच. तळमजल्यावरच्या एका घराने मोठं पिंप भरून घेतलं. आवाज चढले. जुनी प्रकरणं निघाली, बाकाचंही निघालं. मी मध्ये पडले आणि परिस्थिती बिघडवली. शेवटी कॉलेजातल्या मुलीने काठी बुडवून टाकी मोजली, भागाकार केला आणि भिंतीवर खडूने लिहिलं: माणशी दोन बादल्या, दोन दिवस. पिंपवाल्यांनी काही न बोलता त्यातून बादल्या भरून द्यायला सुरुवात केली. त्यांच्या घरात आठ माणसं आहेत, हे भांडताना कोणाच्याच लक्षात नव्हतं. त्यांचा वाटाच सोळा बादल्यांचा.

२० ऑगस्ट

सकाळी ७. पडलेले आजोबा आता वॉकरवर आहेत. जिना उतरवत नाही, म्हणून त्यांच्या वाट्याची दोन घरं ते रोज सकाळी फोनवरून बघतात. आज २३ क्रमांकाने उचलला नाही. तीनदा. त्यांनी वॉकर गॅलरीच्या गजांवर आपटून बादलीवाल्या मुलाला हाक मारली: "ऊठ, २३ वाजव. उघडलं नाही तर सोडू नको."

२३ मध्ये एकटा तरुण भाडेकरू, सव्वीस वर्षांचा, रोज पळायला जाणारा. आमच्या पाचांपैकी कोणाच्याही मनात तो "बघायला हवं" अशांत कधी आला नव्हता. दार उघडायला दहा मिनिटं लागली. ताप १०४, अंगात उभं राहायचं त्राण नाही, रात्रभर पाणीही प्यायलेला नाही. ताईने पाहून दवाखान्यात हलवायला सांगितलं. दार काढून त्याची डोली केली आणि चौघांनी नेला.

आदल्या संध्याकाळी त्याच्या दारावर खूण होती.

रात्री. "नको" म्हणालेल्या घराला इन्व्हर्टर आहे. अंधार पडल्यावर त्यांच्या दाराबाहेर वायर आणि सहा खाचांचा बोर्ड दिसला. शेजारी एक स्टूल. फोन चार्ज करायला रांग लागली. आतून कोणी बाहेर आलं नाही. आम्हीही बेल वाजवली नाही.

२१ ऑगस्ट

दुपारी २:१० ला वीज आली.

२४ ऑगस्ट, रविवार

उजळणी. कौतुकाचा भाग गाळते, तो सगळ्यांनी एकमेकांना सांगून झालाय.

२३ चं काय झालं ते शोधलं. पाहणाऱ्याने दार वाजवलं होतं. आतून "ठीक आहे" असा आवाज आला, त्याने खूण केली आणि पुढे गेला. तो तरुण तेव्हाच तापाने फणफणला होता. नंतर विचारलं, का नाही सांगितलंस? म्हणाला, "तुम्ही घाईत होता, पावसात होता. मला वाटलं उतरेल."

कोणी खूण केली, हे वहीत लिहीत नाही. त्याने स्वतः सगळ्यांसमोर सांगितलं, तेवढं पुरे.

नवा नियम: चेहरा दिसल्याशिवाय खूण नाही. "ठीक आहात ना?" हा प्रश्न बंद, कारण त्याचं उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं. त्याऐवजी, "दुपारी काय खाल्लंत? पाणी किती आहे? दाखवा." काकांना हे पोलिसी वाटतं. वाटो.

दुसरं: मी पाण्याच्या भांडणात पडायचं नाही. हा नियम बाकीच्या चौघांनी एकमताने केला.

७ सप्टेंबर

१७ ने १८ कडे शिडी मागितली. फळ्यावरून नव्हे, दार वाजवून. मी दाराच्या भिंगातून पाहिलं (नोंद ठेवणाऱ्याला इतकं माफ असावं). बोलणं चार वाक्यांचं. शिडी दिली. दोन दिवसांनी परत गेली तेव्हा तिची सैल पायरी घट्ट केलेली होती.

अजून एकमेकींकडे बघून हसत नाहीत.

१४ सप्टेंबर

बाक परत आलं. जुनंच, कोणाच्या तरी गच्चीवर पडून होतं. गाड्या लावायला अडचण होते अशी तक्रार त्याच दिवशी आली.

२८ सप्टेंबर, रविवार

वही आजपासून कॉलेजातल्या मुलीकडे. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "मावशी, फळ्याच्या कोपऱ्यात तीन महिने एकच आकडा आहे. तुमच्या घराचा. तुम्ही काही मागितलंच नाहीत."

मी म्हटलं, मला खरंच काही लागलं नाही. तिने दुसऱ्या जिन्याच्या खुर्चीकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. खडू माझ्या हातात दिला.

फळ्यावर लिहिलं: "रविवारी दोन तास आईजवळ बसायला कोणी." आई माझ्याकडे असते चार वर्षं. तिला फार वेळ एकटं ठेवता येत नाही, म्हणून माझी सगळी वाचनं रात्री. पाचांपैकी कोणालाही हे सांगितलेलं नव्हतं. घरी येईपर्यंत खाली तीन आकडे होते. त्यातला एक १८.

सोपवताना राहिलेली कामं: टॉर्चचे सेल बदलणे. सिलिंडरची किल्ली सिलिंडरलाच दोरीने बांधणे. तळमजल्याचा तक्ता नव्याने, २३ आता बरा झालाय आणि त्याला आणखी दोन घरं हवी आहेत. काकांनी जास्तीचे अर्ज कुठे ठेवलेत ते विचारणे. घर क्र. ३१ मध्ये नवे भाडेकरू आले आहेत, दार अजून कोणी वाजवलेलं नाही. उद्या संध्याकाळी सहाला, मी.